शिळेवर विस्तव नको

‘पत्थर का गोश्त’ची गोष्ट हैदराबादेत ज्याला-त्याला ठाऊक असते. सहावे निजाम मीर महबूब अली खान शिकारीला गेले होते, मुदपाकखान्यातली माणसे कबाबांच्या सीखा विसरून आली होती, हुजुरांना भूक लागली होती. तेव्हा एका आचाऱ्याने जवळ पडलेली ग्रॅनाइटची चपटी शिळा निखाऱ्यांवर तापवली आणि मसाला लावलेले मांस तिच्यावर भाजून वाढले. निजामांना ते इतके आवडले की पुढे शहरातही तसेच भाजू लागले. महबूब अली खान 1866 साली जन्मले, 1869 साली, म्हणजे तान्हेपण सरताच, गादीवर आले आणि 1911 साली वारले. त्यांचा शिकारीचा शौक प्रसिद्ध होता. दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी या मोहिमांची आणि त्यांच्या छावण्यांची छायाचित्रे काढून ठेवली आहेत. सीखा विसरल्याचा प्रसंग घडलाच असेल, असे मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. राजाच्या आवडत्या पदार्थाला शिकारीची आणि विसराळू आचाऱ्याची कथा चिकटणे हे जगभर घडत आले आहे. ती खरी असो वा नसो, आज तिचा परिणाम जमिनीवर दिसतो आहे आणि म्हणून तिच्याकडे गंभीरपणे पाहायला हवे.

हा परिणाम कोणता, ते शहराबाहेर सुट्टीच्या दिवशी दिसते. गेल्या काही वर्षांत हैदराबादच्या आसपास तंबू ठोकून रात्र काढण्याची, तळ्याकाठी किंवा खडकांच्या आडोशाला चूल मांडण्याची हौस वाढली आहे. विकाराबादजवळचा अनंतगिरीचा डोंगर, जिथून मुसी नदी निघते. भोनगीरच्या किल्ल्याचा प्रचंड एकसंध खडक. शहराच्या पश्चिमेला खाजागुड्याच्या टेकड्या. आणि जिथे जिथे गोल शिळांचे ढीग अजून शिल्लक आहेत ती माळराने. इथे येणाऱ्यांपैकी काहींच्या पिशवीत घडीची जाळी असते: पाय दुमडणारी, पाठीवरच्या सामानात मावणारी, दुकानांतून आणि घरपोच सहज मिळणारी. काहींना मात्र अशी जाळी म्हणजे परदेशी चाळा वाटतो. आपल्या मातीत दगडावर भाजण्याची शाही परंपरा असताना लोखंडाचा सापळा कशाला वाहायचा, असे ते म्हणतात आणि एखाद्या सपाट खडकावरच विस्तव पेटवतात. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. मराठवाड्यात, कोकणात, विदर्भात जाळीवाचून उघड्यावरचे उत्तम जेवण होते, कारण तिथली जमीन ते करू देते. हैदराबादची जमीन वेगळी आहे. इथे विस्तव जमिनीपासून उचलून धरणे भाग आहे आणि ते काम घडीची जाळी, तीही विशिष्ट प्रकारची, सर्वांत नीट करते.

आधी परंपरेचा मुद्दा घेऊ, कारण भावनेचा जोर तिथेच आहे. दख्खनमध्ये मांस भाजण्याची जुनी लेखी नोंद शोधायला निजामांपर्यंत यावे लागत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1129च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. ते हैदराबादहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि जुन्या हैदराबाद संस्थानातच होते. या ग्रंथातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात ‘भडित्रक’ म्हणून जो प्रकार सांगितला आहे, त्यात मांसाचे तुकडे शूलात, म्हणजे सळीत ओवून निखाऱ्यांवर भाजतात. पुढे मांडूच्या सुलतानांच्या दरबारात, 1500च्या आगेमागे तयार झालेल्या ‘निमतनामा’ या पाकग्रंथात शिकारीला जाताना बरोबर काय काय न्यावे याचीही चर्चा आहे. याचा अर्थ असा की भाजण्याची साधने सोबत घेऊन निघणे हाच दख्खन-माळव्यातल्या राजेरजवाड्यांचा जुना रिवाज होता. ग्रीसमधल्या सांतोरिनी बेटावर, अक्रोतिरीच्या उत्खननात सळ्या टेकवण्यासाठी खाचा असलेल्या मातीच्या बैठकी सापडल्या आहेत. त्या इसवीसनपूर्व सतराव्या शतकाच्याही आधीच्या आहेत, आणि त्यांना खालून हवा खेळावी म्हणून भोकेही ठेवलेली आहेत. भाजायचे साधन उचलून नेता यावे, ही गरज साडेतीन हजार वर्षांपूर्वीही माणसाला होती. निजामांची दंतकथासुद्धा नीट ऐकली तर हेच सांगते. आचाऱ्याने शिळा वापरली ती सीखा विसरल्या म्हणून. नित्याचे साधन हाताशी नव्हते तेव्हा त्याने काढलेली ती वाट होती, आणि त्या हुशारीचे कौतुक करायलाच हवे. पण जाळी हाताशी असतानाही शिळाच शोधत हिंडणे म्हणजे त्या आचाऱ्याचा वारसा चालवणे नव्हे.

तरीही शिळेची बाजू पूर्ण मांडल्याशिवाय निकाल देणे अन्यायाचे होईल, कारण पाककलेच्या दृष्टीने ती बाजू भक्कम आहे. पत्थर का गोश्त करताना बिनहाडाचे मटण पातळ, पसंद्यासारखे कापतात, ठेचून आणखी पसरट करतात, त्याला कच्च्या पपईचा वाटलेला गर, आले-लसूण, मिरी आणि गरम मसाला चोळून काही तास मुरवतात. दगडफूलही बरेच जण घालतात. पपईतला पापेन हा घटक मांसाचे तंतू तोडतो, त्यामुळे ते लवकर शिजते. मग विटांवर ठेवलेल्या जाड काळ्या शिळेखाली निखारे भरायचे, शिळा चांगली तापली की थोडे तेल किंवा तूप सोडायचे आणि तुकडे मांडायचे. इथे दगडाचा गुण कामी येतो. ग्रॅनाइट उष्णतेचा मंद वाहक आहे. एकाच तापमानाला आणलेला लोखंडी तवा आणि दगड यांची तुलना केली तर पहिल्या क्षणांत तवा पदार्थाला अधिक वेगाने उष्णता देतो. म्हणून तव्यावर मसाला करपतो, दगडावर तो सावकाश भाजला जातो. दुसरे असे की मांसातून सुटणारी चरबी शिळेवरच राहते आणि तुकडे त्याच रसात परतले जातात. जाळीवर ती चरबी निखाऱ्यांवर ठिबकते, भडका उडतो, धूर वर येतो आणि त्या धुरातली बहुचक्रीय कर्बसंयुगे मांसावर बसतात. त्यांतली काही कर्करोगाला कारण ठरतात हे सिद्ध झालेले आहे. तेव्हा स्वाद आणि आरोग्य या दोन्ही कसोट्यांवर चरबीदार मांसासाठी शिळा जाळीपेक्षा सरस ठरू शकते. हे मी पूर्णपणे मान्य करतो. कोरियातही दगडी तव्यावर मांस भाजण्याची रीत याच गुणांवर टिकून आहे.

पण शिळा कोणाच्या पंगतीसाठी आहे, हा हिशेब क्वचितच केला जातो. दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन इंच जाडीची ग्रॅनाइटची लादी घेतली तर तिचे वजन अठरा किलोच्या घरात जाते. तिचे तापमान 200 अंशांनी वाढवायला जवळजवळ 29 लाख ज्यूल ऊर्जा लागते. वाळलेल्या लाकडाच्या किलोत दीड कोटी ज्यूल असले, तरी उघड्या चुलीत त्यातला दहा ते पंधरा टक्केच भाग वरच्या वस्तूला मिळतो. म्हणजे मांसाचा पहिला तुकडा पडण्याआधी नुसत्या शिळेसाठी दीड-दोन किलो लाकूड जळून गेलेले असते, आणि तासाभराचा वेळही. दीड किलो वजनाची पोलादी जाळी त्याच तापमानाला आणायला याच्या विसाव्या भागाइतकी ऊर्जा पुरते. खरे तर जाळीवर पदार्थ भाजतो तो निखाऱ्यांच्या सरळ आचेवर, त्यामुळे जाळी तापण्याची वाट पाहावीच लागत नाही. शिळा एकदा तापली की तिच्यावर घाण्यामागून घाणे निघतात. शेकडो माणसांच्या छावणीला, लग्नाच्या दावतीला, रमझानमध्ये चारमिनारच्या परिसरात संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चालणाऱ्या विक्रीला ती योग्यच आहे. तिथे शिळा कायमची बसवलेली असते, आच सलग चालू असते आणि खर्ची पडलेली उष्णता वसूल होते. चौघांच्या कुटुंबाने दोन तासांसाठी अठरा किलोचा दगड तापवणे आणि तो गरम असतानाच सोडून निघून जाणे, यात इंधनाची निव्वळ नासाडी आहे. निजामांच्या छावणीत लाकूड तोडून आणणारे वेगळे होते आणि सभोवतालचे जंगलही निजामांचेच होते. आज यातले काहीच आपल्यापाशी नाही.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे जमिनीकडे येतो. हैदराबादचा ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांचा आहे. पृथ्वीच्या वयाच्या निम्म्याहून अधिक काळ पाहिलेला हा खडक आहे. त्याच्यापुढे मराठवाड्याचा काळा कातळ, जो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून झाला, अगदी अलीकडचा म्हणावा लागेल. ग्रॅनाइटच्या एकमेकांवर तोल सांभाळून बसलेल्या गोल शिळा ऊन, पाऊस आणि वारा यांनी लाखो वर्षांत घडवल्या. बाहेरचे पापुद्रे सुटत सुटत आतला गोलवा तयार झाला. बंजारा हिल्स आणि जुबिली हिल्स या वस्त्या अशाच शिळा फोडून उभ्या राहिल्या, आणि पश्चिमेकडच्या नव्या उंच इमारतींनी उरलेल्यांचा फडशा पाडला. याच विध्वंसाविरुद्ध 1996 साली हैदराबादेत ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही संस्था स्थापन झाली. खडक वाचवण्यासाठी नागरिकांनी संस्था काढावी, अशी वेळ भारतातल्या फार थोड्या शहरांवर आली असेल. संस्थेचे सभासद लोकांना सोबत घेऊन या शिळांमधून पायी फेऱ्या काढतात, काही शिळासमूहांना वारसा म्हणून मान्यता मिळवून देण्यासाठी त्यांनी सतत पाठपुरावा केला. ज्या शहरात सुरुंगाविरुद्ध असा लढा चालू आहे, तिथे त्याच शिळांवर हौसेखातर विस्तव पेटवावा, हे मला अजिबात पटत नाही.

एका लहानशा विस्तवाने एवढ्या मोठ्या खडकाचे काय बिघडणार, असे वाटणे साहजिक आहे. याचे उत्तर खाणकामाच्या इतिहासात सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बंगळूरच्या खाणींत याच जातीचा खडक सुरुंगाशिवाय काढत. सपाट कातळावर जळत्या ओंडक्यांची एक अरुंद ओळ मांडायची. हातोडीने ठोकून आवाजावरून खालचा थर सुटला का ते पाहायचे. सुटला की ओळ काही इंच पुढे सरकवायची. अशा रीतीने काही इंच जाडीचे, पण विस्ताराने प्रचंड असे अखंड तक्ते मूळ खडकापासून वेगळे केले जात. साधन एकच, लाकडाचा साधा विस्तव. तापलेला पृष्ठभाग प्रसरण पावतो, आतला थंड भाग जागेवर राहतो, त्या ताणाने थर सुटतो. ग्रॅनाइटमधली गार 573 अंश सेल्सिअसला आपली स्फटिकरचना बदलते आणि एकाएकी फुगते. लाकडाच्या निखाऱ्यांखाली एवढे तापमान सहज गाठले जाते. म्हणजे सहलीला आलेली माणसे खडकावर जी चूल पेटवतात, ती कारागिरांनी खडक फोडण्यासाठी वापरलेली पद्धतच होय, फक्त नकळत वापरलेली. पापुद्रे सुटलेली, काजळीने काळवंडलेली जागा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. पावसाने काजळी काही वर्षांत फिकी होईलही, पण सुटलेला पापुद्रा परत बसत नाही. शिवाय तडा गेलेल्या किंवा पाणी मुरलेल्या दगडात वाफ कोंडून तो फुटतो आणि त्याच्या धारदार चिपा उडतात. विशेषतः ओढ्यातून किंवा तळ्यातून उचललेला दगड विस्तवात घालू नये. डोळा जाण्याइतका हा धोका खरा आहे.

यावर मराठी वाचकाच्या मनात एक हरकत उभी राहील, आणि ती रास्त आहे. आपल्याकडे जाळीही नको आणि शिळाही नको, असे प्रकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. मराठवाड्यात हुरड्याच्या दिवसांत शेतातच खड्डा करून आगटी पेटवतात, गोवऱ्यांच्या विस्तवात ज्वारीची कोवळी कणसे भाजतात आणि हातावर चोळून गरम दाणे खातात. रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात पोपटी लावतात: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि आवडीप्रमाणे बटाटे, अंडी, कोंबडी भरायची, मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पालापाचोळा-काटक्या पेटवायच्या. विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजतात. पूर्व घाटातल्या आदिवासींच्या रीतीने हिरव्या बांबूच्या नळीत कोंबडी शिजवतात, तीही आता अराकूच्या वाटेवर पर्यटकांना मिळते. तीन दगडांच्या चुलीबद्दल तर बोलायलाच नको. मग हैदराबादकरांनीच लोखंड का वाहायचे? कारण या प्रत्येक प्रकारामागे एक विशिष्ट जमीन आहे. आगटीला हातभर खोल खड्डा लागतो आणि काळ्या मातीत तो सहज खणता येतो; विस्तव विझल्यावर त्यावर माती ओढली की पुढच्या पेरणीपर्यंत राख शेतात मिसळून जाते. शेत स्वतःचे असते, नांगरलेले असते, आजूबाजूला वाळलेले गवत नसते. पोपटीचीही तीच गत: वाल काढलेल्या शेताच्या मोकळ्या बांधावर ती लावतात. हैदराबादच्या खडकाळ माळावर मात्र चलका म्हणतात ती तांबडी, वाळूमिश्रित, पातळ माती असते. वीतभर खाली मुरूम, आणि मुरमाखाली खडक. कित्येक ठिकाणी खडक उघडाच असतो. खड्डा खणणे शक्य नाही आणि वर पेटवावे तर आच सरळ कातळाला लागते. मराठवाड्यातली पद्धत जशीच्या तशी इथे आणली तर ती आपला गुण हरवून बसते. या अर्थाने हैदराबादच्या मराठी माणसाने हुरड्याची आठवण जरूर जपावी, पण आगटी मात्र पैठण-परभणीकडच्या शेतातच राहू द्यावी.

म्हणून जाळी. पण सरसकट कोणतीही नव्हे, आणि इथे बाजारातल्या मालाबद्दल थोडे बारकाईने बोलायला हवे. घडीच्या जाळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या मिळतात. पहिल्या प्रकारात नुसती जाळी आणि चार दुमडणारे पाय. ती जमिनीवर पेटवलेल्या विस्तवावर उभी करायची. वजनाला हलकी, किमतीला कमी. पातेले ठेवायला ती छान आहे, पण मूळ प्रश्न ती सोडवत नाही, कारण विस्तव जमिनीवरच राहतो. उलट चांगली जाळी आहे म्हणून माणूस निर्धास्तपणे खडकावर चूल मांडतो. दुसऱ्या प्रकारात निखारे ठेवायला स्वतःचा तळ असतो, बाजूच्या भिंती उघडतात आणि वर जाळी बसते. मिटली की जाड पुस्तकाएवढी किंवा लहान ब्रीफकेसएवढी होते. हैदराबादच्या माळावर हाच प्रकार न्यावा. तो घेतानाही दोन गोष्टी पाहाव्यात. तळाला हवेसाठी भोके असतात, त्यांतून निखाऱ्याचे कण खाली पडतात. तेव्हा खाली राख झेलणारा दुसरा पत्रा हवा, नसल्यास स्वयंपाकघरातले जुने लोखंडी ताट चालते. आणि तळ जमिनीपासून वीतभर तरी उंच हवा, नाहीतर खालचे गवत पत्र्याच्या उष्णतेनेच पेटू शकते.

धातूचाही विचार करायला हवा. स्वस्त जाळ्यांवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळते, आणि आणखी तापले की त्याचा धूर होतो. तो श्वासात गेला तर थंडी वाजून ताप येतो, वेल्डिंग करणाऱ्या कामगारांना हा त्रास चांगला परिचयाचा आहे. भंगारातल्या फ्रिजची जाळी काढून वापरण्याची युक्ती काही जण सुचवतात, ती तर मुळीच करू नये, कारण जुन्या जाळ्यांवर कॅडमियम असू शकते आणि ते जस्तापेक्षा कितीतरी अधिक विषारी असते. मुलामा नसलेले साधे लोखंड किंवा गंज न चढणारे पोलाद, हेच भाजण्याच्या जाळीला योग्य. बारीक तारांची जाळी पहिल्या दोन-चार वापरांतच वाकते आणि मग फेकली जाते. घडीच्या जाळ्या म्हणजे आणखी एक कचरा, ही टीका अशा मालाच्या बाबतीत खरीच आहे. त्यावर उपाय शहरातच आहे. सिकंदराबादच्या रानीगंजसारख्या बाजारात सळ्या मिळतात आणि वेल्डिंगचे कारागीरही. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सळ्यांची, साध्या बिजागऱ्यांची जाळी तिथे सांगून करून घेता येते आणि ती एका पिढीला पुरते. जाळी ही वस्तू आपल्याला परकी आहे असेही नाही. फुलके-पापड भाजायची जाळी मराठी घरात असतेच, आणि पावसाळ्यात हैदराबादच्या रस्त्यांवर मक्याची कणसे भाजणाऱ्या गाड्यांवर लोखंडी जाळी, कोळसा आणि हातपंखा एवढाच संसार असतो. त्या गाडीवाल्याचा विस्तव जमिनीला लागत नाही, मूठभर कोळशात त्याची संध्याकाळ निघते आणि आच कमी-जास्त करायला तो कणीस इकडून तिकडे सरकवतो. माळावर स्वयंपाक करणाऱ्याने त्याच्याकडून शिकावे. निखारे तळभर सारखे पसरू नयेत. एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ ठेवावेत, म्हणजे भडका उडाला की पदार्थ बाजूला घेता येतो. चरबीच्या धुराबद्दल वर जी अडचण मान्य केली, तिच्यावर हाच उपाय आहे, आणि चरबी छाटलेले मांस घेणे हा त्याहून सोपा.

इंधनाच्या बाबतीत जाळी आणखी एक सोय करते. तिला लाकडाच्या ज्वाळा नकोत, निखारे हवेत, त्यामुळे कोळसा घरून नेता येतो आणि माळावरचे एकही झुडूप तोडावे लागत नाही. दख्खनच्या दुष्काळी भागात वेड्या बाभळीचा कोळसा मोठ्या प्रमाणावर पाडला जातो. मूळ अमेरिकेतले हे झाड तेलंगणात सरकार तुम्मा म्हणून ओळखले जाते, आणि त्याने कुरणे, पडीक जमिनी, तळ्यांचे काठ व्यापून टाकले आहेत. त्याचा कोळसा जाळणे म्हणजे देशी झाडांवरचा भार थोडा तरी कमी करणे होय. चौघांच्या जेवणाला किलो-सव्वा किलो कोळसा पुरतो. फक्त एक पथ्य कटाक्षाने पाळायचे: थंडी कितीही असो, धुमसता कोळसा तंबूत घ्यायचा नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही.

सर्वांत कठोर हरकत निसर्गप्रेमींची आहे: उघड्यावर विस्तव पेटवूच नये, डबा न्यावा आणि गप्प खाऊन यावे. या म्हणण्याचा मी आदर करतो, आणि एका मोठ्या क्षेत्रापुरते ते अक्षरशः बरोबर आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्याला धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव पेटवणे किंवा पेटता सोडणे हा गुन्हा ठरवला आहे आणि राष्ट्रीय उद्यानांनाही तो नियम लागू आहे. आंध्र प्रदेशाचा 1967चा वन कायदा तेलंगणानेही पुढे स्वीकारला. राखीव जंगलातल्या विस्तवावर त्यातही बंदी आहे. हैदराबादच्या उंबरठ्यावरच मृगवनी आणि महावीर हरिण वनस्थळी ही राष्ट्रीय उद्याने आहेत, अनंतगिरीचा बराचसा भाग राखीव जंगल आहे, दक्षिणेला नल्लमलाच्या रांगांत अमराबादचा व्याघ्र प्रकल्प आहे. ही पानगळीची कोरडी जंगले. फेब्रुवारीपासून मेपर्यंत तिथे पाचोळ्याचा थर साचतो आणि एका ठिणगीने डोंगरच्या डोंगर धुमसतात. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहांच्या आधारे अशा वणव्यांच्या सूचना देते आणि आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसानेच लावलेले असतात, चुकून किंवा मुद्दाम. तिथे ना जाळी, ना शिळा, ना शेगडी.

पण जंगलाबाहेरही जग आहे: मालकाच्या परवानगीची आमराई, शेतघर, ज्यांनी जागा नेमून दिली आहे अशी विश्रामस्थळे. तिथेही विस्तव नको म्हणणे म्हणजे एका सुंदर रिवाजावर पाणी सोडणे. दिवाळी संपली की कार्तिक लागतो आणि तेलुगू कुटुंबे कार्तिक वनभोजनाला निघतात. उसिरी, म्हणजे आवळ्याच्या झाडाखाली पूजा करायची, तिथेच रांधायचे आणि सर्वांनी मिळून जेवायचे. आपल्याकडचे आवळीभोजन हे त्याचेच भावंड आहे. हैदराबादसारख्या शहरात, जिथे मराठी आणि तेलुगू घरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदली, हे दोन्ही रिवाज एकाच झाडाखाली होऊ शकतात. विस्तवासाठी वर्षातला सर्वांत सुरक्षित काळही हाच, कारण पाऊस नुकताच सरलेला असतो, जमिनीत ओल असते, गवत पुरते वाळलेले नसते. या जेवणात मांस सहसा नसते, त्यामुळे शिळेच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा, चरबी टिकवण्याचा, इथे आपोआप गळून पडतो. भरताची वांगी, रताळी, कणसे, पनीर, कांदे, ज्वारीच्या भाकरीचा शेवटचा शेक, हे सगळे जाळीचेच पदार्थ आहेत. आवळ्याच्या मुळाशी विस्तव पेटवून झाड होरपळवण्यापेक्षा चार हात दूर उभी केलेली शेगडी त्या पूजेलाही अधिक साजेशी आहे.

ज्यांना पत्थर का गोश्तच हवा, त्यांनाही मार्ग बंद नाही. मूळ जागेवरचा खडक तापवण्याची किंवा माळावरची शिळा उचलण्याची काहीच गरज नाही. दगडाच्या वखारीत ग्रॅनाइटचे कापलेले तुकडे पडून असतात. त्यातला बिनपॉलिशचा, राळ किंवा रसायन न चोळलेला, तडा नसलेला लहान तुकडा घ्यावा, घरी कोरड्या मंद आचेवर दोन-तीनदा तापवून पारखावा आणि मग जाळीवर ठेवून वापरावा. वीतभर लांबी-रुंदीचा, इंचभर जाडीचा तुकडा साडेतीन किलोच्या आसपास भरतो आणि चौघांना पुरतो. तांडूर, शहाबाद किंवा कडप्प्याची फरशी मात्र घेऊ नये. तो थराथरांचा चुनखडीचा दगड आहे, आचेवर त्याचे थर सुटतात. शिळेचा स्वाद आणि जाळीची शिस्त यांची सांगड अशी घालता येते, आणि 250 कोटी वर्षांच्या खडकाला ओरखडाही जात नाही.

तेव्हा यंदा कार्तिकात हैदराबादबाहेर वनभोजनाला निघणाऱ्यांना माझी विनंती आहे. स्वतःचा तळ असलेली घडीची जाळी न्या, कोळसा घरून न्या, निखारे विझवायला पाच लिटर पाणी वेगळे ठेवा. पाणी ओतून राख ढवळा, हाताला गार लागेपर्यंत थांबा, आणि ती राख डब्यात भरून परत आणा. जागा राखीव जंगलात आहे की नाही, हे निघण्याआधी वन खात्याच्या कार्यालयात विचारून घ्या. असेल, तर जाळी घरीच ठेवा आणि डबा बांधून घ्या.